पदराची गाठ

"मला ते विसरण्याचं दुखणं लागलंय का हो?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच काकूंनी विचारलं. वय 63, सगळं आयुष्य इंदुरात, आधी रामबाग, मग लोकमान्य नगर. बीपीची रात्रीची गोळी आठवड्यातून दोनदा तरी राहते. शेजारणीला परत द्यायचा डबा महिनाभर घरातच.

पण 1984 साली धाकट्या दिराच्या लग्नात सराफ्यातून काय काय आणलं, ते त्यांनी दुकानासकट सांगितलं. घडून गेलेलं लख्ख होतं, निसटत होतं ते पुढे करायचं. हे आठवणं निराळं. इथे कुणी प्रश्न विचारत नाही, ऐन वेळी आपलं आपल्यालाच सुचावं लागतं.

"पदराला गाठ मारते. मग कशासाठी मारली, तेच आठवत नाही!"

गाठ बिचारी एवढंच सांगते की काहीतरी आहे. काय आणि कधी, ते नाही.

गिल्स आइनस्टाइन (भौतिकीवाले नव्हेत) आणि मार्क मॅकडॅनियल या मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली अशा कामांचे दोन प्रकार मांडले: ठरल्या वेळी करायची आणि ठरलेली खूण दिसली की करायची. पहिली जास्त अवघड, कारण घड्याळाकडे पाहायचंही आपणच लक्षात ठेवायचं. काकूंची गोळी 'रात्री नऊला' होती, आणि नऊला मालिका.

"रात्री न चुकता काय करता?"

"विरजण लावते."

झालं. 'विरजण लावलं की गोळी.' मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या 'जर-तर' बेताचं (जर अमुक झालं, तर तमुक करायचं) हे घरगुती रूप. मी त्यांच्याकडून ते तीनदा मोठ्याने म्हणवून घेतलं. त्या हसल्या, पण म्हणाल्या. गोळ्या विरजणाच्या वाटीशेजारी गेल्या.

दोन आठवड्यांनी नवीनच घोळ: आज घेतली की ती कालची? रोजचं काम अंगवळणी पडलं की दिवस एकमेकांत मिसळतात, आणि दुसरी गोळी पोटात जायची भीती. म्हणून सात खणांची डबी. खण रिकामा म्हणजे घेतली.

डॉक्टरांकडे मी आधीच पाठवलं होतं. बी-12 आणि थायरॉइड ठीक निघाले. ओळखीचा रस्ता चुकत असता, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असता, तर विरजणावर भागलं नसतं.

शेजारणीच्या डब्यासाठी काकूंनी स्वतःच युक्ती काढली: चपलांवर ठेवायचा, उचलल्याशिवाय पाय घालताच येणार नाही. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा तो डबा त्यांच्या पिशवीत होता.

"आठवणीने नेला हो," म्हणाल्या, "तर तिच्याच दाराला कुलूप!"