वडिलांना एमसीआय आहे, कॉम्प्युटरवरच्या मेंदूच्या व्यायामांचा उपयोग होईल का?

थोडाफार होतो, पण विसरभोळेपणा बरा होईल या आशेने सुरू करू नका. एमसीआय (माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट) म्हणजे स्मरणशक्ती किंवा विचार करण्याची क्षमता वयाच्या मानाने जास्त घसरलेली, पण रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः जमतात ती अवस्था. ती प्रत्येक वेळी डिमेन्शियाकडे (स्मृतिभ्रंशाकडे) जातेच असं नाही.

यातला एक व्यायाम असा असतो: स्क्रीनच्या मधोमध क्षणभर कार किंवा ट्रक चमकतो, त्याच वेळी कडेला दुसरं चित्र. मध्ये काय होतं आणि कडेचं कुठे होतं, ते सांगायचं. उत्तरं बरोबर येत गेली की चित्र दिसण्याचा वेळ कमी होत जातो. सरावाने माणूस यात नक्की सुधारतो. अडचण पुढे आहे: म्हणून चष्मा कुठे ठेवला ते आठवेलच असं नाही.

जाहिरातींवर तर अजिबात जाऊ नका. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या दाव्यांबद्दल ल्युमॉसिटी या मेंदूच्या व्यायामांच्या ॲपच्या कंपनीकडून २० लाख डॉलर वसूल केले होते.

आधी बी-१२, थायरॉइड आणि कान तपासून घ्या. ऐकूच नीट आलं नाही तर लक्षात काय राहणार? रोज चालणं सुरू असू द्या. मग आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास कॉम्प्युटर, तोही शेजारी बसून. चिडचिड व्हायला लागली की बंद करा.