चार्जिंगची जुनी टॉर्च रात्रभर लावूनही पाच मिनिटांत मंद होते. काय बिघडलं असेल?

बहुतेक आतली बॅटरीच संपली आहे. एलईडी किंवा चार्जर क्वचितच बिघडतो. दुरुस्तीच्या टेबलावर अशा टॉर्च नेहमी येतात. जुन्या टॉर्चमध्ये बहुधा ४ व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने कपाटात पडली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग कितीही चार्ज केलं तरी ती वीज धरत नाही. खात्री करायची असेल तर चार्ज करून तासभर ठेवा आणि टॉर्च चालू करून बॅटरीच्या टोकांना मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. ४ व्होल्टच्या आसपास टिकलं तर बॅटरी ठीक आहे. मग स्विच आणि वीज जोडणाऱ्या पत्र्या बघा. मुंबईच्या पावसाळ्यात त्यांवर हिरवट गंज चढतोच, बारीक पॉलिश पेपरने घासा. आकडा झरझर ३.५ च्या खाली गेला तर बॅटरी बदला. लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जुनी बॅटरी सोबत न्या, म्हणजे माप आणि टोकं जुळवता येतील. जुनी तिथेच भंगारात द्या, त्यात शिसं असतं.

मात्र तिच्या जागी लिथियम सेल बसवू नका. जुना चार्जर पूर्ण भरल्यावर थांबत नाही, सेल पेट घेऊ शकतो. आणि प्लग लावलेला असताना टॉर्च उघडू नका: अशा स्वस्त चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, २३० व्होल्टचा झटका बसतो.