लेकीचं दूध तोडू नका, लंगोट बघा

प्रश्न : लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. नातू आज 21 दिवसांचा झाला, तरी डोळे पिवळट आहेत. 18व्या दिवशी रक्त तपासलं, एकूण बिलिरुबिन 11.4, डायरेक्ट 0.5. डॉक्टर म्हणाले, दुधाची कावीळ आहे, जाईल. बाळ चांगलं ओढून पितं. जन्मताना 2 किलो 900 ग्रॅम होतं, आता 3 किलो 300. पण विहीणबाई म्हणतात, आईचं दूध बाधलंय, डब्याचं सुरू करा. लेकीची हळद आणि मासे बंद केलेत. सकाळी बाळाला खळ्यात उन्हात ठेवतो. माझ्या मुलांची जपलेली दुपटी-झबली ट्रंकेतून काढून वापरतेय. आईचं दूध खरंच बाधतं का?
— एक आजी, देवगड तालुका

उत्तर : आजी, लेकीचं दूध तोडू नका. बाकीचं सगळं यानंतर.

बाळाचा पिवळा रंग दुधातून आलेला नाही, तो त्याच्याच रक्तातला आहे. पोटात असताना बाळाला बेताच्या ऑक्सिजनवर भागवायचं असतं, म्हणून त्याच्या रक्तात तांबड्या पेशी खच्चून भरलेल्या असतात. मोठ्या माणसाची तांबडी पेशी 120 दिवस जगते, नवजात बाळाची 70 ते 90. ती फुटली की आतल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. जन्मापर्यंत ते वारेतून आईकडे जायचं आणि आईचं यकृत ते निस्तरायचं. नाळ कापली की हे काम बाळाच्या अंगावर पडतं. बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतं, तेव्हा कुठे ते पित्तातून आतड्यात उतरतं. जन्मावेळी या एन्झाइमची ताकद मोठ्यांच्या जेमतेम 1 टक्का असते. ती पुरती यायला तीनेक महिने जातात.

दुधाचा संबंध येतो तो पुढे, आतड्यात. आईच्या दुधात बीटा-ग्लुक्युरॉनिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते जोडलेलं आम्ल पुन्हा सोडवतं आणि सुटं झालेलं बिलिरुबिन आतड्यातून परत रक्तात शिरतं. मचव्यात चढवलेला माल पुन्हा धक्क्यावर उतरवावा, तसं. मोठ्यांच्या आतड्यातले जंतू बिलिरुबिनचं रूप बदलून ते शीतून बाहेर काढतात, बाळाच्या आतड्यात ते जंतू अजून नीट वसलेले नसतात. त्यात काही बाळांना यकृतातल्या एन्झाइमचा जनुकच मंद मिळालेला असतो. म्हणून एक बाळ आठवड्यात उजळतं आणि दुसरं दोन-अडीच महिने पिवळट राहतं. तुमच्या नातवाचं वजन वाढतंय, डायरेक्टचा, म्हणजे यकृताने आम्ल जोडलेल्या बिलिरुबिनचा, आकडा कमी आहे. मला हे चित्र दुधाच्या काविळीचंच दिसतं.

दूध बाधतं ही समजूत आम्हा डॉक्टरांनीही वाढवली. 1964 साली आईच्या दुधातल्या एका स्टेरॉइडवर बोट ठेवलं गेलं, पण पुढच्या तपासण्यांत ते टिकलं नाही. तरी दोन दिवस दूध थांबवून बघायची पद्धत राहिली. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत मीही एका खाडीकाठच्या मुलीला तसं सांगितलं. कावीळ उतरली, पण बाळाला बाटलीची सवय लागली, ते छातीला लागेना, आणि तिचं दूध आटलं. पदराने डोळे पुसत ती माझ्यासमोर बसली होती. ते मी विसरलेले नाही.

हळदीचा या पिवळेपणाशी काही संबंध नाही. लेकीला हळद घालून माशाचं सार-भात पोटभर वाढा. खळ्यातलं ऊन हा उपचार नव्हे, एवढंसं बाळ त्यात भाजतं नाहीतर गारठतं. आकडा फार चढला तर दवाखान्यातला निळा प्रकाश लागतो, कारण तो बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि मग ते यकृताच्या मदतीशिवाय बाहेर पडतं. मध, गुटी, साखरपाणी काही नको.

तुमच्या पत्रात मला खरी भीती वाटली ती ट्रंकेची. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्याशिवाय कुणी ट्रंक बंद करत नाही. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, मुलग्यांत जास्त. अशा बाळाला त्या गोळ्यांच्या वासानेही पेशी भराभर फुटून कावीळ एकाएकी वाढते. कपड्यांना तो वास असेल तर ते आजच बाजूला करा. धुऊन, वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. आणि ते वापरून झाले आहेत हे डॉक्टरांना सांगा, गरज वाटली तर ते तपासणी करतील.

रोज दिवसाउजेडी लंगोट बघा. पांढऱ्या सुती लंगोटावर या वयाच्या बाळाच्या शूचा डाग जवळजवळ दिसतच नाही, कारण असं सुटं बिलिरुबिन लघवीत उतरत नाही. शी मोहरीसारखी पिवळी हवी. डाग गडद पिवळा पडू लागला, किंवा शी पेजेसारखी, खडूसारखी फिकट झाली, तर तो लंगोट पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पित्तनलिका बंद असल्याची ती खूण असू शकते, आणि त्याचं ऑपरेशन 60 दिवसांच्या आत झालं तर फायदा सर्वात जास्त. बाळ पिईनासं झालं, मलूल पडलं, चिरक्या आवाजात रडू लागलं किंवा अंग मागे ताणू लागलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच गाडी करा.

हे काही नसेल, तर आठवड्याभराने वजन आणि डोळे पुन्हा दाखवून या. विहीणबाईंना हे पत्र वाचून दाखवा. त्यांनाही नातवाची काळजीच आहे.