मनाली-लेह, नवी सायकल आणि मोडायला काढलेली एफडी

प्रश्न : वय ४२, पुण्यात खासगी नोकरी. हातात १,१८,००० रुपये येतात, पत्नीच्या शिकवण्यांचे २२,०००. गृहकर्जाचा हप्ता ३४,०००, घरखर्च ६२,०००, एसआयपी २०,०००. एफडी ३ लाखांची, बचत खात्यात १,२५,०००. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ. मेअखेर मनाली ते लेह सायकलने जायचं मनात आहे. घरचे मागून गाडीत येतील, म्हणजे त्यांचीही सहल होईल. नवी माउंटन बाइक १,३५,००० (नो-कॉस्ट ईएमआय, १२ हप्ते), हेल्मेट-कपडे २२,०००, चौघांचं गाडी-तंबूसह पॅकेज २,०५,०००, विमान ७८,०००, वरखर्च २०,०००. एकूण ४,६०,०००. एफडीतले २ लाख काढायचे, बचत खातं वापरायचं आणि हप्त्यासाठी एसआयपी वर्षभर अर्धी करायची, असा विचार आहे. ६०,००० एलटीए (रजा प्रवास भत्ता) मिळतो, तेवढे परत येतीलच. बरोबर आहे का?

उत्तर : सहल करा. ही सहल या वर्षी, या पैशांतून करू नका. तुम्ही एका आकड्यात तीन वेगळे खर्च गुंडाळले आहेत: घरच्यांची सुट्टी, तुमची मोहीम आणि एक महागडी वस्तू. तिन्ही वेगळे केले की सुट्टीला कुठलीही एफडी मोडावी लागत नाही.

आधी एफडी. तुमचा घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ९६,००० होतात. सहा महिन्यांची सोय म्हणजे ५,७६,०००. तुमच्याकडे आहेत ३ लाख, जेमतेम तीन महिन्यांचे. त्यातले दोन काढले की उरतो एका महिन्याचा आधार, आणि तोही खासगी नोकरीत, बेचाळिसाव्या वर्षी, गृहकर्ज चालू असताना. मुदतीआधी मोडल्याचा अर्धा-एक टक्का दंड आणि कमी मुदतीचा व्याजदर हे नुकसान त्यामानाने किरकोळ आहे.

तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. १,४०,००० येतात, खर्च-हप्ता-एसआयपी धरून १,१६,००० जातात. म्हणजे दरमहा २४,००० उरायला हवेत, वर्षाला २,८८,०००. बचत खात्यात मात्र १,२५,०००. एक तर घरखर्च ६२,००० नाही, किंवा विमा, शाळेची फी, सणवार असे वार्षिक खर्च तुम्ही धरलेले नाहीत. गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून बसा. सायकल घ्यायची की नाही याचं निम्मं उत्तर तिथे मिळेल.

आता मोहीम. मनाली-लेह रस्ता सीमा रस्ते संघटना बर्फ हटवून साधारण एप्रिल-मेमध्ये खुला करते. पण रस्ता खुला होणं वेगळं आणि सायकल चालवण्याजोगा असणं वेगळं. मेअखेर वाटेतल्या बारालाचा खिंडीपाशी दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात, आणि दुपारी बर्फ वितळून नाल्यांचं पाणी रस्त्यावर येतं. सकाळी घोट्यापर्यंत असलेला नाला तीन वाजता गुडघ्यापर्यंत चढलेला असतो. सायकलसाठी चांगला काळ जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत. आपल्याकडच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मुलांची सुट्टी आणि तुमचा मोसम जुळतच नाही, आणि ते पॅकेजवाला तुम्हाला सांगणार नाही.

त्याहून मोठा प्रश्न उंचीचा. वाटेतले मुक्काम बघा: जिस्पा सुमारे ३,२०० मीटर, सरचू ४,२९० च्या आसपास, पांग ४,६०० च्या घरात. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. जिस्पाहून थेट सरचूला मुक्काम म्हणजे एका दिवसात त्याच्या दुप्पट. तुम्ही सायकलवर असल्याने मध्ये दारचा, पात्सियो असे टप्पे घ्याल. तसे घेतले तर घरच्यांनाही त्याच तंबूंत राहावं लागेल. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर, म्हणजे गाडीने दोन तास. उरलेला दिवस आठ वर्षांच्या मुलाने वाऱ्यात, नेटवर्कशिवाय, डोकं दुखत असताना तुमची वाट बघत काढायचा. आणि त्याला उलट्या सुरू झाल्या तर गाडी खाली न्यावीच लागेल. मग तुमचं सामान, पाणी आणि पंक्चरचं साहित्यही तिच्याबरोबर खाली जाईल. एकच गाडी दोघांची मदतगाडी होऊ शकत नाही. २,०५,००० मधला मोठा हिस्सा याच जुळवाजुळवीचा आहे, आणि ती पहिल्या अडचणीलाच मोडते.

सायकलीचं गणित सोपं आहे. मनालीत हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकची ठीकठाक माउंटन बाइक दर्जानुसार दिवसाला सातशे ते दीड हजारापर्यंत भाड्याने मिळते. १,२०० धरा. पुढे सुचवलेल्या सहलीत ती चार दिवस लागेल, त्याचे ४,८००. १,३५,००० रुपयांत अशा अठ्ठावीस सहली होतात, तेही वर्षाचा आठ-दहा हजारांचा सांभाळखर्च (चेन, ब्रेक पॅड, टायर, फोर्कची सर्व्हिस) न धरता. शिवाय स्वतःची सायकल असली तरी ती न्यायची कशी? सायकल १४ किलो, खोका चार-पाच किलो. देशांतर्गत विमानात चेक-इन सामान साधारण १५ किलो. तुमच्या माणशी वाट्याचं वजन सायकलीतच संपलं. खोक्यात भरताना ब्रेक पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची चकती घालायला विसरलात आणि वाटेत कुठे ब्रेकचा लिव्हर दाबला गेला, तर पिस्टन बाहेर येऊन पॅड चिकटतात आणि पहिली सकाळ ते उघडण्यात जाते. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) न काढता पाठवला तर तो फ्रेमला जोडणारा हँगर वाकतो, आणि हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. मनालीत तुमच्या मॉडेलचा मिळेलच असं नाही.

नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे काय होतं तेही बघा. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देतो. बँकेचा दर १५ टक्के धरला तर १,३५,००० मध्ये व्याज सुमारे १०,३५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे १,८६० तुमच्या खिशातून, वर प्रोसेसिंग फी. म्हणून दुकानदाराला विचारा, रोख दिले तर तीच १०,००० ची सूट मला देणार का? बहुतेक वेळा काही ना काही देतो. आणि कोटेशनची तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. १,३५,००० हा जुन्या दराचा आकडा असेल, तर नव्या दराने तो १,२६,५०० च्या आसपास यायला हवा.

एलटीएबद्दल गैरसमज आहे. ६०,००० परत येत नाहीत. ते तुमच्या पगारातलेच आहेत, त्यांवरचा कर वाचतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात सेससह १८,७२०, तेही जुनी करप्रणाली असेल तरच. नव्या प्रणालीत शून्य. सूट फक्त प्रवासाच्या तिकिटाची, जवळच्या मार्गाने. हॉटेल, तंबू, सायकलीचं भाडं यात काही बसत नाही. चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवास. २०२२ ते २०२५ या गटातला एक प्रवास शिल्लक असेल तर तो २०२६ मध्ये वापरता येतो. बोर्डिंग पास जपून ठेवा.

मग करायचं काय? मेमध्येच जा, पण एकाच जागी सात रात्री राहा. मनाली शहरात नको, नग्गरला. उंची १,८०० मीटरच्या आसपास, म्हणजे मुलांना त्रास नाही. नग्गरहून मनाली बियास नदीच्या डाव्या तीराने एकवीस किलोमीटर. उजव्या तीरावरच्या महामार्गापेक्षा रहदारी बरीच कमी, सफरचंदाच्या बागांतून चढउतार. नग्गरहून जाणा गावाकडे चढ चांगला दमवतो. एक दिवस गाडीत सायकल टाकून रोहतांगच्या रस्त्यावरच्या गुलाबा या ठिकाणापर्यंत वर जायचं आणि पलचानपर्यंत उतरायचं. हा दिवस वाटाड्याबरोबरच करा. घरच्यांना नग्गरचा किल्ला, रशियन चित्रकार रोरिख यांचं कलादालन, जाणा गावचा धबधबा हाताशी आहे. वेळेची वाटणी पहिल्याच दिवशी ठरवा. सकाळी सहा ते अकरा तुमचे, त्यानंतरचा दिवस सगळ्यांचा. मेमध्ये अकरानंतर सोलंग आणि अटल बोगद्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, तेव्हा तसंही सायकल चालवण्यात मजा नाही. लेकीला दोन सकाळी बरोबर घ्या. तेरा वर्षांच्या मुलीला लहान फ्रेम मिळते का हे आधी फोनवर विचारा. नसेल तर मोठीवर बसवू नका, उतारावर ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत.

माझा अंदाज : विमान आणि पुढची बस ६८,०००, सात रात्री ४,५०० ने ३१,५००, जेवण २०,०००, तीन दिवस टॅक्सी १०,५००, तुमची सायकल ४,८००, लेकीची २,०००, वाटाड्या दोन दिवस ५,०००, मुलांच्या हौशी १०,०००, अडीअडचणीला १५,०००. बेरीज १,६६,८००. बचत खात्यातले १,२५,००० आणि दोन महिन्यांची शिल्लक यात भागतं. एफडी जागेवर, एसआयपी चालू.

भाड्याची सायकल घेताना घाई करू नका, अर्धा तास द्या. लिव्हर दाबा, तो हँडलला टेकत असेल तर तेलात हवा आहे, दुसरी मागा. पॅडवर पोलादी पट्टीखेरीज निदान दीड मिलिमीटर थर दिसला पाहिजे. पाचशे-सातशे मीटरच्या सलग उतारावर झिजके पॅड तापून ब्रेक धरेनासे होतात. म्हणून ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा वेळ जोरात दाबून सोडायचा. पुढचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा, खटखट नको. सर्वांत मोठ्या मागच्या गिअरवर उभं राहून पेडल मारा. चेन उड्या मारत असेल तर चढावर तीच तुम्हाला पाडेल. टायरच्या बाजूला चीर आहे का बघा. मग सायकलीचे चारही बाजूंनी फोटो काढून दुकानदाराला तिथेच पाठवा, अनामत रकमेवरून पुढे होणारे वाद टळतात. हेल्मेट मात्र घरून न्या. ते २२,००० मधले तीन-चार हजार सार्थकी लागतील. बाकी कपडे आहेत ते चालतात.

विम्याचं एक काम जाण्याआधी उरका. आरोग्य विम्यातलं साहसी खेळांचं प्रमाणित वगळणूक कलम व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे हौशी सायकलस्वाराचा रुग्णालयाचा खर्च सहसा अडत नाही. वैयक्तिक अपघात विमा आणि प्रवास विमा यांची कलमं वेगळी असतात आणि तिथे साहसी खेळ अनेकदा सरसकट वगळलेले असतात. कंपनीच्या एचआरला आणि विमा कंपनीला ईमेलने विचारा: भाड्याच्या सायकलवरून कच्च्या रस्त्यावर पडून खांद्याचं हाड मोडलं, तर उपचार आणि बुडालेला पगार यांपैकी काय मिळेल? उत्तर लेखी घ्या.

लेह मनातून जात नसेल, तर ते तुमचं एकट्याचं ठेवा: ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये, ओळखीच्या गटाबरोबर, भाड्याच्या सायकलवर. त्यासाठी दरमहा ६,००० ची वेगळी आरडी (आवर्ती ठेव) उघडा. चौदा महिन्यांत ८४,००० आणि वर व्याज. तोवर पुण्यात जुनीच सायकल काढा आणि आठवड्याला दोनदा बोपदेव किंवा सिंहगडाचा घाट चढा. सहा महिने हे टिकलं, तर साठ-सत्तर हजारांची सायकल रोखीने घ्यायला माझी हरकत नाही. उरणाऱ्या २४,००० मधून ती तीन महिन्यांत होते. स्टेटमेंट तपासून हे २४,००० खरेच उरतात असं दिसलं तर. पॅकेजवाल्याला आगाऊ रक्कम दिली असेल तर रद्द करण्याच्या अटीतली तारीख आजच बघा, कारण निघायची तारीख जवळ येते तशी परत मिळणारी रक्कम टप्प्याटप्प्याने घटत जाते.