वाचकांचे प्रश्न : फिनलंडच्या विमानावर स्वस्तिक कुठून आलं?

प्रश्न : फिनलंडच्या हवाई दलाचा जुना फोटो बघितला, विमानाच्या पंखावर चक्क निळं स्वस्तिक. म्हणजे हे लोक पहिल्यापासून हिटलरच्या बाजूचे होते का?

नाही हो, तारखा बघा ना. असं स्वस्तिकवालं पहिलं विमान फिनलंडला मिळालं ६ मार्च १९१८ ला, आणि नाझी पक्षाने स्वस्तिक घेतलं १९२० मध्ये. १९१८ ला हिटलर जर्मन सैन्यात साधा शिपाईगडी, त्याला कोण ओळखत होतं!

झालं असं की डिसेंबर १९१७ मध्ये फिनलंड रशियापासून स्वतंत्र झाला आणि जानेवारी संपायच्या आत देशात यादवी पेटली, रेड (समाजवादी) विरुद्ध व्हाइट (सरकारच्या बाजूचे). हेलसिंकी रेडच्या हातात गेलं आणि व्हाइट सरकार पश्चिम किनाऱ्यावर वासा शहरात जाऊन बसलं. शेजारचा स्वीडन कागदोपत्री तटस्थ, पण तिथल्या बऱ्याच पैसेवाल्यांचा जीव व्हाइटांसाठी तुटत होता. त्यातलाच एक काउंट एरिक फॉन रोसेन. याने थुलिन डी नावाचं एक स्वीडिश विमान घेतलं, पंखांवर निळं स्वस्तिक काढून घेतलं कारण ते तो स्वतःसाठी लकी मानायचा, आणि निल्स किंडबर्ग नावाच्या पायलटसोबत स्वतः बसून स्वीडनच्या उमेओ शहराहून समुद्र ओलांडून थेट वासाला आला. व्हाइट सैन्याला विमान भेट! वर परत गेल्यावर परवानगीशिवाय देश सोडला म्हणून स्वीडनमध्ये त्याला १०० क्रोनर दंड झाला तो वेगळाच. फिनलंडने मात्र ते चिन्ह तसंच्या तसं उचललं आणि सगळ्या विमानांवर लावलं.

पण "काहीच संबंध नाही" म्हणून विषय झटकून टाकणारे लोक असतात ते पण मला पटत नाही. ह्याच रोसेनची मेहुणी कारिन पुढे हिटलरचा उजवा हात असलेल्या हर्मन गोरिंगची बायको झाली, आणि दोघांची पहिली भेट रोसेनच्याच वाड्यात झाली. १९३० च्या दशकात रोसेन स्वतः स्वीडनमधल्या नाझी गटात होता. तेव्हा १९१८ चं चिन्ह नाझी नव्हतं हे शंभर टक्के खरं, माणूस मात्र पुढे त्याच वाटेला गेला, दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात. विमानांवरून स्वस्तिक गेलं १९४५ मध्ये, त्याजागी निळं-पांढरं गोल चिन्ह आलं. हवाई दलाच्या मुख्यालयाच्या बोधचिन्हात ते त्यानंतरही होतं, तिथून अलीकडे कुठे गुपचूप काढलं आणि जगाला ते कळलं २०२० मध्ये.

प्रश्न : म्हणजे हेच त्यांचं पहिलं विमान ना?

हवाई दलाचा वाढदिवस हे विमान आलं त्याच दिवशी साजरा होतो, ६ मार्चला. पण खरं बघायला गेलं तर त्याआधी, २५ फेब्रुवारीला, स्वीडनमधूनच भेट मिळालेलं एक अल्बाट्रॉस जातीचं विमान निघालं होतं, जॉन-अॅलन हायगर्थ पायलट. वाटेत इंजिनाने दगा दिला आणि फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या याकोबस्टाडला उतरावं लागलं. गंमत अशी की नंबर देताना उशिरा आलेलं थुलिन झालं एफ १ आणि आधी निघालेलं बिचारं अल्बाट्रॉस एफ २! हायगर्थला मात्र १० मार्चला हवाई दलाचा पहिला प्रमुख केलं. जाता जाता, ब्रिटनचं रॉयल एअर फोर्स सुरू झालं १ एप्रिल १९१८ ला, म्हणजे फिनलंडच्या नंतर २६ दिवसांनी. पण आमचं आधी आमचं आधी असं फार ओरडण्यात अर्थ नाही, कारण फिनलंडमध्ये हवाई दल ही स्वतंत्र शाखा झाली ती १९२८ मध्ये.

प्रश्न : त्या काळच्या विमानात एरंडेल घालायचे हे खरं की थट्टा?

अगदी खरं. थुलिन डी हे फ्रान्सच्या मोरान-सोल्निए पॅरासोलचं स्वीडनमध्ये बनवलेलं रूप. पंख एकच, तो पण डोक्यावर छत्रीसारखा, त्यामुळे खालची जमीन मोकळी दिसायची आणि टेहळणीला सोयीचं पडायचं. इंजिन रोटरी जातीचं, म्हणजे मधला दांडा जागेवर पक्का आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट गरागरा फिरतात. यात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच जातं, तिथे साधं खनिज तेल टाकलं तर पेट्रोल त्याला पातळ करून धुऊन काढतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही, म्हणून ते. पण वापरलेलं तेल परत टाकीत येतच नाही, धुरासोबत बाहेर, आणि त्यातलं बरंचसं मागे बसलेल्या पायलटच्या गॉगलवर, मफलरवर, नाकातोंडात. पोटाचं काय होत असेल ते लिहायला नको 😄

प्रश्न : भेटी मिळाल्या ते ठीक, स्वतःचं विमान कधी बनवलं?

लवकरच. आधी रशियन सैन्य मागे सोडून गेलेली न्यूपोर विमानं आणि उडत्या बोटी (पाण्यावर उतरणारी विमानं) यांच्यावर काम भागवलं, मग १९२१ मध्ये हेलसिंकीजवळ सुओमेनलिना बेटावर सरकारी कारखाना काढला. तिथे जर्मन हान्सा-ब्रांडेनबर्ग डब्ल्यू ३३ चं लायसन घेऊन ए २२ हान्सा बनवायला घेतलं, मूळ डिझाइन अर्न्स्ट हाइंकेलचं. चाकांऐवजी फ्लोट, म्हणजे पाण्यावर उतरणारं. नाहीतरी देशात धावपट्ट्या मोजक्या आणि तळी लाखाच्या वर, पाणी गोठलं की खाली स्की लावायच्या आणि चालू. अशी एकूण १२० विमानं बनली, नवीन देशासाठी हा आकडा खूपच मोठा आहे, आणि त्यातली काही १९३० च्या दशकातही उडत होती.