नव्या अंगणवाडी सेविकेस, खेळाच्या तासाविषयी

ताई, मुलाला अक्षरे कधी शिकवणार, असे पालक पहिल्याच आठवड्यात विचारतील. तेव्हा संकोच न करता सांगा की, तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यातली ६० मिनिटे दम लागेल अशी असावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे.

सोलापूरचे ऊन कडक, म्हणून उन्हाळ्यात मैदानाची वेळ सकाळी नऊच्या आत ठेवा आणि माठ सावलीत भरून ठेवा. पण उन्हाच्या नावाखाली मुलांना महिनोन्‌महिने खोलीत कोंडणे मला मुळीच मान्य नाही. बाहेरच्या उजेडात वेळ गेल्याने दूरचे अंधुक दिसण्याचा दोष जडण्याची शक्यता घटते, हे अनेक पालकांना ठाऊक नसते.

मोठ्या मुलांची लंगडी नीट पाहा. मूल हात पसरते, ओठ दाताखाली धरते, पाय टेकतो, पुन्हा उचलते. तोल सावरणे, पायांत बळ येणे आणि बाद झाल्यावर रडू आवरणे हे सारे तिथेच घडत असते, त्यामुळे लगेच आधार द्यायला धावू नका. खरचटले तर जखम साबणपाण्याने धुवा आणि त्याच दिवशी आईला स्वतः सांगा. घराला अंगण नसलेल्यांना किल्ल्याजवळची हुतात्मा बाग सुचवा.