हंटर बायडन यांना वडिलांनी दिलेली माफी योग्य होती का, आणि आपल्याकडे पुढाऱ्याच्या मुलाला अशी माफी मिळू शकते का?

तुम्ही परभणी जिल्ह्यातून दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी स्वतःच्या मुलाला दिलेली माफी समर्थनीय आहे काय, हा पहिला. आणि आपल्या भागात एखाद्या पुढाऱ्याच्या मुलावर गुन्हा दाखल झाला, तर वडिलांच्या सत्तेच्या बळावर तो तसाच पुसता येईल काय, हा दुसरा. मी लातूरला फौजदारी वकिली करतो, त्यामुळे दोन्ही प्रश्नांकडे मी न्यायालयाच्या बाजूने पाहतो. ती माफी ज्या स्वरूपात दिली गेली त्या स्वरूपात चुकीची होती, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे मात्र खरा धोका माफीत नसून प्रकरण निकालापर्यंत पोहोचूच न देण्यात आहे.

हंटर यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९७० चा, डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन शहरातला. १८ डिसेंबर १९७२ रोजी त्यांची आई मुलांना घेऊन मोटारीने जात असताना ट्रकची धडक बसली आणि आई व तान्ही बहीण दोघीही मृत्युमुखी पडल्या. मोठा भाऊ बो आणि हंटर गंभीर जखमी झाले. हंटर तेव्हा पुरते तीन वर्षांचेही नव्हते. वडील नुकतेच सिनेटवर निवडून आले होते आणि त्यांनी पदाची शपथ जानेवारी १९७३ मध्ये मुलांवर उपचार चालू असलेल्या रुग्णालयातच घेतली. पुढे हंटर यांनी येल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, बँकेत नोकरी केली, वॉशिंग्टनमध्ये लॉबिंगचा, म्हणजे कंपन्यांच्या वतीने सरकारदरबारी वजन वापरण्याचा, व्यवसाय केला. नौदलाच्या राखीव दलात त्यांना २०१३ मध्ये नेमणूक मिळाली, परंतु कोकेनची चाचणी सकारात्मक आल्याने २०१४ मध्ये त्यांना दलातून काढण्यात आले. त्याच वर्षी युक्रेनमधील बुरिस्मा या वायू कंपनीच्या संचालक मंडळावर ते गेले, आणि त्या काळात अमेरिकेचे युक्रेनविषयक धोरण उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने त्यांचे वडील हाताळत होते. ३० मे २०१५ रोजी बो यांचे मेंदूच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर हंटर यांचे व्यसन बळावत गेले आणि २०१७ मध्ये त्यांचा पहिला संसारही मोडला.

हे सारे वाचताना माझे मन हेलावते. व्यसनाने पोखरलेली घरे मी वकिलीत जवळून पाहिली आहेत आणि अशा घरातला बाप मुलासाठी काय काय करायला तयार होतो, हे मला ठाऊक आहे. तथापि, दुःख हे शिक्षा ठरवताना विचारात घ्यायचे असते. त्याने गुन्हा नाहीसा होत नाही.

हंटर यांच्यावरील पहिला खटला बंदुकीचा होता. आपल्याकडे शस्त्रपरवाना पोलीस अहवालानंतर जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात आणि अलीकडे बीड जिल्ह्यात झालेल्या परवान्यांच्या छाननीमुळे ही प्रक्रिया मराठवाड्यात घरोघरी माहीत झाली आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ग्राहक थेट दुकानात जातो, एक सरकारी अर्ज भरतो, त्याची पूर्वपार्श्वभूमी तपासली जाते आणि शस्त्र हातात पडते. त्या अर्जात तुम्ही बेकायदा अमली पदार्थांचे सेवन करता काय, असा प्रश्न असतो. संपूर्ण व्यवस्था त्या उत्तराच्या खरेपणावर उभी असल्यामुळे खोटे उत्तर देणे हा स्वतंत्र गुन्हा मानला जातो. हंटर यांनी १२ ऑक्टोबर २०१८ रोजी रिव्हॉल्व्हर घेताना ‘नाही’ असे लिहिले. अकरा दिवसांनी बो यांच्या विधवा पत्नीला ते हंटर यांच्या गाडीत सापडले आणि घाबरून तिने ते एका किराणा दुकानाबाहेरील कचरापेटीत टाकले. त्या शस्त्रातून गोळी झाडल्याचा आरोप नव्हता, आणि केवळ एवढ्यावर खटला भरला जाणे तिकडेही विरळाच. तरीही ११ जून २०२४ रोजी विल्मिंग्टनच्या बारा सामान्य नागरिकांच्या ज्युरीने तिन्ही आरोपांत त्यांना दोषी ठरवले. राष्ट्राध्यक्ष पदावर असताना त्याच्या अपत्याला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवले जाण्याची अमेरिकेच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ होती.

दुसरा खटला मला अधिक गंभीर वाटतो. २०१६ ते २०१९ या चार वर्षांचा किमान १४ लाख डॉलर कर त्यांनी मुदतीत भरला नाही आणि त्या काळात चैनीवर मात्र पाण्यासारखा पैसा खर्च केला, असे लॉस एंजेलिसमधील दोषारोपपत्रात नऊ आरोपांखाली मांडले होते. कर नंतर व्याज आणि दंडासह भरला गेला. सरकार पक्षाशी २०२३ मध्ये झालेली तडजोड २६ जुलै रोजी न्यायाधीशांसमोर कोलमडली, कारण भविष्यातील कारवाईपासून हंटर यांना नेमके किती संरक्षण मिळणार, यावर दोन्ही बाजूंची उत्तरे जुळेनात. अखेर ५ सप्टेंबर २०२४ रोजी, ज्युरी निवडीच्याच दिवशी, त्यांनी नऊही आरोप मान्य केले. बुरिस्माकडून बायडन पिता-पुत्रांना प्रत्येकी ५० लाख डॉलरची लाच मिळाल्याचा गाजलेला आरोप मात्र एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास संस्थेच्या एका खबऱ्याने रचला होता. त्याने तो गुन्हा कबूल केला आणि त्याला सहा वर्षांची कैद झाली.

दोन्ही खटल्यांतील शिक्षा डिसेंबर २०२४ च्या मध्यास सुनावली जाणार होती. मुलाला माफी देणार नाही, असे वडील वारंवार सांगत आले होते. १ डिसेंबर रोजी त्यांनी माफी दिली आणि केवळ आपला मुलगा असल्यामुळे त्याला लक्ष्य करण्यात आले, असे कारण दिले. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, हे मी मान्य करतो. परंतु तपासाचे प्रमुख डेव्हिड वाइस यांची विशेष अधिवक्ता म्हणून नेमणूक बायडन यांच्याच प्रशासनाने केली होती आणि दोषसिद्धी सामान्य नागरिकांच्या ज्युरीने दिली होती. शिवाय ही माफी त्या दोन खटल्यांपुरती नव्हती. १ जानेवारी २०१४ पासून १ डिसेंबर २०२४ पर्यंत हंटर यांनी केलेल्या किंवा केल्या असू शकतील अशा सर्व संघराज्यीय गुन्ह्यांना तिने कवच दिले. दोषसिद्धी कायम ठेवून केवळ तुरुंगवास रद्द करण्याचा, म्हणजे शिक्षा सौम्य करण्याचा, अधिकार त्यांच्याकडे होता. तो वापरला असता तर बापाची माया आणि न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा मान राहिला असता. पद सोडण्याच्या दिवशी, २० जानेवारी २०२५ रोजी, त्यांनी आपल्या भावंडांनाही आगाऊ माफी दिली, तेव्हा ही गोष्ट एका मुलापुरती राहिलेली नव्हती, हे उघड झाले.

आता आपल्याकडचे पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ अन्वये राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद १६१ अन्वये राज्यपालांना क्षमेचा अधिकार आहे, परंतु तो दोषी ठरलेल्या व्यक्तीपुरता आहे आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायचा आहे. अमेरिकेतल्याप्रमाणे आरोप ठेवण्याआधीच अकरा वर्षांची सरसकट माफी येथे देता येत नाही. शिवाय ती न्यायालयीन तपासणीच्या बाहेर नाही. आंध्र प्रदेशात एका आमदार महिलेच्या पतीला राज्यपालांनी दिलेली शिक्षेतील सूट सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ‘एपुरू सुधाकर’ प्रकरणात रद्द केली, आणि तो पक्षाचा चांगला कार्यकर्ता असल्याची नोंद विचारात घेतली गेली होती, यावर कठोर ताशेरे ओढले.

मात्र आपल्या तालुक्यांत बाब तिथपर्यंत जातेच कुठे? फिर्याद नोंदवून घेताना कलमे सौम्य लावली जातात, पंच आणि साक्षीदार फितूर होतात, तपासाअंती ‘बी समरी’ (फिर्याद खोटी असल्याचा) किंवा ‘सी समरी’ (फिर्याद खरीही नाही, खोटीही नाही असा) अहवाल न्यायालयाकडे पाठवून प्रकरण बंद केले जाते. दोषारोपपत्र दाखल झालेच, तर खटला मागे घेण्याची तरतूद आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. आजी-माजी खासदार-आमदारांवरील खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी दिला. त्या आदेशाच्या शब्दांत लोकप्रतिनिधी येतो. स्वतः कोणतेही पद न भूषवलेला त्याचा सज्ञान मुलगा येत नाही. माझ्या मते ही पळवाट गंभीर आहे, कारण मराठवाड्यात वडिलांचे पद आणि मुलाचा वट वेगळा काढता येत नाही, हे कोणत्याही पोलीस ठाण्यातील हवालदार सांगेल.

यावर एक हत्यार नव्या संहितेने दिले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कलम ३६० नुसार पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालय खटला मागे घेण्यास संमती देऊ शकत नाही. तुमच्या तालुक्यातील अशा एखाद्या प्रकरणात दोषारोपपत्र दाखल झाले असेल, तर पीडित कुटुंबाने प्रत्येक तारखेला वकील उभा ठेवावा, रोजनामा (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) पाहत राहावे आणि सरकारी वकिलाचा असा अर्ज आल्यास त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवावी. समरी अहवाल आला असेल, तर मूळ फिर्यादीला न्यायालयाची नोटीस मिळणे आवश्यक असते. ती मिळाल्यावर निषेध अर्ज, म्हणजे त्या अहवालाविरुद्धची लेखी हरकत, दाखल करावा आणि तपास अधिकाऱ्याने कोणते साक्षीदार तपासले नाहीत, त्यांची नावे त्यात एकेक करून लिहावीत.